'ओक' म्हणणाऱ्यांचा देश

सन 1661 मध्ये रासीन हा पुढे फ्रान्सचा थोर नाटककार म्हणून गाजलेला तरुण, वयाच्या जेमतेम एकविसाव्या वर्षी, दक्षिण फ्रान्समधल्या उझेस गावी आपल्या मामाकडे राहायला निघाला. वाटेत एका खाणावळीत रात्रीचा मुक्काम पडला. त्याने मोलकरणीकडे रात्रीच्या सोयीसाठी भांडे मागितले. तिने मान हलवली, आत गेली आणि पेटती शेगडी आणून त्याच्या पलंगाखाली ठेवली. ही हकीकत त्याने स्वतःच ला फोंतेन या कवीला पत्राने कळवली आहे. मॉस्कोच्या माणसाला पॅरिसमध्ये जितकी दुभाष्याची गरज लागेल तितकीच मला इथे आहे, अशा अर्थाची तक्रारही त्याने केली आहे.

आपल्या सीमाभागातल्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही. शेजारणीने 'हालु' मागितले म्हणून दूध देण्याऐवजी हळू आवाजात बोलू लागलेली नवी सून आपल्या प्रत्येक गल्लीत एखादी तरी सापडते. पण रासीन परदेशात गेलेला नव्हता. तो आपल्याच राजाच्या मुलखात होता. आणि त्या मोलकरणीची भाषा ही काही फ्रेंचची अडाणी बोली नव्हती. ज्या काळी पॅरिसच्या फ्रेंचमध्ये भावगीत असे फारसे लिहिले जात नव्हते, त्या काळी तिच्या भाषेतली गाणी बार्सेलोनापासून व्हेनिसपर्यंत गायली जात होती. त्या गाणाऱ्यांना त्रुबादूर म्हणतात.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एम.ए.ला मध्ययुगीन युरोपचा पेपर होता. त्यात त्रुबादूरांवर चार ओळी होत्या: सरदारांच्या वाड्यांतून प्रेमगीते गात हिंडणारे कवी, वगैरे. त्या चार ओळी पाठ करून मी उत्तीर्ण झालो. त्यांच्या भाषेचे पुढे काय झाले हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, आणि पेपर काढणाऱ्यालाही पडला नव्हता.

त्या भाषेला ऑक्सितान म्हणतात. प्राचीन लॅटिनचे फ्रान्समध्ये दोन मोठे प्रवाह झाले. उत्तरेत 'हो' म्हणायला 'ओईल' म्हणत, त्याचेच आजचे 'वी'. दक्षिणेत 'हो' म्हणायला 'ओक'. इटलीत 'सी'. 'हो' कसे म्हणता यावरून भाषांची अशी वाटणी दान्तेने 1304-05 च्या सुमारास केली, आणि त्यावरूनच त्या मुलखाला 'लांगदोक', म्हणजे ओकची भाषा, हे नाव पडले. माणसाच्या होकारावरून देशाला नाव पडल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

ज्याच्या कविता हाती आल्या असा पहिला त्रुबादूर कोणी फिरस्ता नव्हता, तो फ्रान्सच्या राजाहून मोठ्या मुलखाचा धनी होता. आकितेनचा ड्यूक गिलेम, जन्म 1071. त्याच्या सुमारे अकरा कविता शिल्लक आहेत. काही इतक्या चावट आहेत की दिवाळी अंकात त्यांचा आशयही देता यायचा नाही, आणि काही इतक्या हळव्या आहेत की त्या एकाच माणसाच्या असतील यावर विश्वास बसत नाही. चर्चने त्याला बहिष्कृत केले, धर्मयुद्धात त्याने आपले सैन्य गमावले, आणि या सगळ्याच्या मधल्या वेळात त्याने लॅटिन बाजूला ठेवून घरच्या भाषेत कविता केली. पंडितांची भाषा सोडून आईच्या भाषेत लिहिणे म्हणजे काय धाडस असते, हे ज्ञानेश्वरीच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

हे गाणे त्याला सुचले कुठून, यावर विद्वानांत आजही एकमत नाही. काही म्हणतात चर्चमधल्या लॅटिन स्तोत्रांतून. काही बोट दाखवतात पिरेनीज पर्वताच्या पलीकडे, अरबांच्या स्पेनकडे. तिथे यमकबद्ध कडव्यांची, ध्रुवपदाची प्रेमगीते आधीपासून होती. गिलेमच्या बापाने 1064 साली स्पेनमधल्या बार्बास्त्रो शहराच्या वेढ्यात भाग घेतला होता, आणि त्या लुटीत गाणाऱ्या दासीही फ्रान्सकडे गेल्याचे अरब इतिहासकार सांगतात. युरोपचे 'ल्यूट' हे वाद्य तर अरबांच्या 'अल्-ऊद'वरूनच आले, नावासकट. मला स्वतःला दोन्ही बाजूंचे थोडे थोडे खरे वाटते. सीमेवरचे गाणे एकाच घरातून आलेले नसते.

पुढच्या दोनशे वर्षांत साडेचारशेच्या आसपास त्रुबादूरांची नावे सापडतात. त्यांत राजे आहेत, पाद्री आहेत, शिंप्याची आणि व्यापाऱ्याची मुले आहेत. सर्वांत गोड कवी म्हणून ज्याचे नाव घेतात तो बेर्नार्त द व्हेन्तादोर्न हा गढीतल्या भट्टीवाल्याचा मुलगा होता असे त्याच्या जुन्या चरित्रात म्हटले आहे. (ही चरित्रे मागाहून लिहिलेली. आपल्या संतचरित्रांइतपतच त्यांवर भरवसा ठेवावा.) वीसेक स्त्रियाही आहेत. त्यांपैकी दियाची सरदारीण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कवयित्रीचे एक गाणे चालीसकट उरले आहे. त्यात ती प्रियकराला रोखठोक जाब विचारते. बाराव्या शतकात युरोपातल्या एका बाईने स्वतःच्या नावाने केलेली ही तक्रार आजही गायली जाते.

त्यांच्या रचनेचे नियम कडक होते. एकच चाल सगळ्या कडव्यांना चालवायची, पण यमकांची गुंफण अशी की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. शेवटी छोटे अर्धे कडवे, त्यात गाणे कोणाकडे पाठवायचे त्याचे नाव. प्रेमगीताची जात वेगळी, राजकीय टीकेच्या गाण्याची वेगळी. दोन कवींच्या सवालजवाबाची वेगळी, ती तर आपल्या कलगी-तुऱ्याच्या फडात शोभली असती. पहाटेच्या गाण्यात पहारेकरी प्रेमिकांना उजाडल्याचे सांगतो. कवी रचायचा, आणि 'जोग्लार' म्हणून पेशेवाला गवई ते वाड्यावाड्यांतून म्हणून दाखवायचा. प्रियेचे खरे नाव कधी घ्यायचे नाही, तिला एक टोपणनाव द्यायचे. या गुप्त नावाला त्यांच्या भाषेत 'सेन्याल' म्हणत, म्हणजे खूण. हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे तो दुसऱ्याच ठिकाणी भेटणार आहे.

गाणी शिल्लक आहेत सुमारे अडीच हजार, आणि चाली त्यांच्या दहाव्या हिश्शाइतक्या. त्या चालीही कशा, तर ओळींवर स्वरांची टिंबे आहेत, कोणता स्वर वर जातो कोणता खाली येतो ते कळते. पण कोणता स्वर किती वेळ धरायचा ते कुठेच लिहिलेले नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर सूर आहेत, ताल नाही. गेल्या शतकाच्या आरंभी ऑब्री आणि बेक या दोन अभ्यासकांत तालाचे कोडे आधी कोणी सोडवले यावरून विकोपाचे भांडण झाले. 1910 साली ऑब्री तलवारबाजीचा सराव करताना जखमी होऊन मरण पावला. तो द्वंद्वयुद्धाची तयारी करत होता अशी अफवाही उठली. कोडे मात्र सुटले नाही. त्यामुळे आज दियाच्या सरदारणीचे गाणे दोन गायिकांनी म्हटले तर ती दोन निराळी गाणी वाटतात. आमच्या शाळेच्या संगीत शिक्षकांना मी एक ध्वनिमुद्रण ऐकवले. त्यांच्या घरी कन्नड वचने आणि मराठी अभंग दोन्ही चालतात. त्यांनी डोळे मिटून ऐकले, मांडीवर बोटे आपटून पाहिली आणि म्हणाले, "सर, हे आलापीसारखंच ठेवलेलं बरं. ठेक्यात बांधलं की मरेल."

आता या देशावर संकट कसे आले ते सांगतो. दक्षिणेत कॅथर नावाचा पंथ पसरला होता. हे जग सैतानाने घडवले, चर्चचे संस्कार निरुपयोगी, असे ते मानत. 1208 च्या जानेवारीत पोपचा एक प्रतिनिधी तिथे मारला गेला आणि तिसऱ्या इनोसंट पोपने धर्मयुद्ध पुकारले. या वेळी ते जेरुसलेमवर नव्हते, ख्रिस्ती तुलूझवर होते. उत्तरेच्या सरदारांना पुण्य आणि जमीन दोन्ही मिळणार होते. 22 जुलै 1209 रोजी बेझिए शहर पडले आणि एका दिवसात कापले गेले. पोपच्या दूताने आपल्या पत्रात मेलेल्यांचा आकडा वीस हजारांच्या जवळ दिला आहे. आकडा फुगवलेला असेल, पण तो अभिमानाने दिला आहे हे विसरता येत नाही. 1213 मध्ये म्यूरेच्या लढाईत दक्षिणेच्या मदतीला आलेला आरागोनचा राजा पेरे मारला गेला. 1218 मध्ये तुलूझच्या तटावरून आलेल्या दगडाने उत्तरेचा सेनापती सिमाँ द माँफोर मेला. त्या दिवशी शहरात आनंदाचा जल्लोष झाल्याचे वर्णन एका अनामिक कवीने ऑक्सितानमध्येच लिहून ठेवले आहे. 1229 मध्ये तह झाला. तुलूझच्या काउंटने आपली एकुलती मुलगी फ्रान्सच्या राजाच्या भावाला द्यायची, आणि पाखंडाशी लढण्यासाठी निघणाऱ्या विद्यापीठातल्या अध्यापकांचे पगारही त्यानेच भरायचे. 1271 साली ती मुलगी आणि जावई निपुत्रिक मेले आणि तुलूझ राजाच्या खजिन्यात जमा झाले.

कवी पांगले. कोणी आरागोनला गेले, कोणी इटलीत. इटलीने त्यांना डोक्यावर घेतले. त्रुबादूरांच्या गाण्यांची बरीचशी हस्तलिखिते इटलीत तयार झालेली आहेत, नाहीतर आज आपल्या हाती फारसे काही लागले नसते. सिसिलीच्या दरबारात त्यांच्या वळणावर इटालियन कविता सुरू झाली, तिथेच सुनीत जन्मले. दान्तेने तर पर्गेटरीमध्ये आर्नॉत दानिएल या त्रुबादूराची भेट घडवली आणि त्याच्या तोंडी इटालियन घातले नाही. आठ ओळी तो आपल्या ऑक्सितानमध्ये बोलतो. सबंध महाकाव्यात दुसऱ्या कुणा परभाषी कवीला हा मान मिळालेला नाही. उत्तरेत फ्रेंच कवींनी आणि जर्मनीत मिनेसिंगरांनी तीच वाट धरली. पुढे पेत्रार्क, त्याच्यामागून सगळ्या युरोपचे प्रेमकाव्य, अशी ही वंशावळ लांब जाते. नात्या-पणत्यांना इस्टेट मिळाली, आजी मात्र गावाकडेच राहिली.

शेवटचा त्रुबादूर म्हणून ज्याला ओळखतात त्या गिराउत रिकिएर याचे अखेरचे गाणे 1292 सालचे आहे. आपण फार उशिरा जन्मलो, अशी खंत त्यात आहे. इकडे नेवाशाला 1290 मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. दोन वर्षांच्या अंतराने एका लोकभाषेचे गाणे संपते आहे आणि दुसरीचे सुरू होते आहे. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मीच सांगून टाकतो. पण इतिहासाच्या शिक्षकाला सनावळ्या शेजारी मांडायचा नाद असतो.

इथे एक सावधगिरी. तलवारीने भाषा मेली, असे तुलूझकडचे अभिमानी लोक सांगतात. ते तितकेसे खरे नाही. कवितेला आश्रय देणारे वाडे बुडाले, पण पंधराव्या शतकापर्यंत गावांचे कागद, खरेदीखते, हिशेब ऑक्सितानमध्ये बिनदिक्कत लिहिले जात होते. तुलूझच्या सात नागरिकांनी 1323 मध्ये कवितेची सभा स्थापन केली आणि 1324 च्या मेमध्ये उत्तम कवितेला सोन्याचे फूल बक्षीस दिले. धक्का बसला तो 1539 मध्ये. पहिल्या फ्रान्सिस राजाने व्हिले-कोत्रे येथे हुकूम काढला की यापुढे न्यायालयाचे आणि दस्तांचे काम फ्रेंच भाषेत व्हावे. हुकूम लॅटिनला हटवण्यासाठी होता, पण त्याच्या जात्यात ऑक्सितानही भरडली गेली. कोर्टात चालत नाही म्हटल्यावर वकिलाने ती सोडली, वकिलाने सोडली म्हणून व्यापाऱ्याने. सोन्याचे फूल देणारी सभाही फ्रेंच झाली, 1694 मध्ये चौदाव्या लुईने तिला अकादमीचा दर्जा दिला. तेव्हा तिथे बक्षीस फ्रेंच कवितेला होते.

राज्यक्रांतीने तर कहरच केला. मला राज्यक्रांती शिकवायला आवडते, स्वातंत्र्य-समता-बंधुता फळ्यावर लिहायला आवडते. पण त्याच क्रांतीच्या सभागृहात 1794 च्या जूनमध्ये आबे ग्रेग्वार याने अहवाल वाचला. साठ लाख फ्रेंच लोकांना फ्रेंच मुळीच येत नाही, आणखी साठ लाखांना सलग बोलता येत नाही, शुद्ध बोलणारे फार तर तीस लाख, असे त्याचे आकडे होते. उपाय त्याने शीर्षकातच सांगितला होता: बोलीभाषांचा नायनाट. ग्रेग्वार दुष्ट नव्हता. गुलामगिरीविरुद्ध आणि यहुद्यांच्या हक्कांसाठी लढलेला तो माणूस होता. गरिबाच्या मुलाला राष्ट्राची भाषा आली तरच तो खरा नागरिक होईल, असे त्याला मनापासून वाटत होते. अशा माणसाशी वाद घालणे फार अवघड असते.

त्याचे काम पुढच्या शतकात शाळेने पूर्ण केले. 1881-82 च्या कायद्यांनी शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. घरची भाषा बोलताना सापडलेल्या मुलाच्या हाती किंवा गळ्यात शिक्षक एक वस्तू देत. लाकडाचा तुकडा, खडावेचा तळ, असे काही. त्या मुलाने दुसऱ्या कुणाला तशीच चूक करताना पकडून ती त्याच्याकडे सोपवायची. संध्याकाळी ज्याच्याजवळ ती उरेल त्याला शिक्षा. म्हणजे मुलांनीच मुलांवर पाळत ठेवायची. दक्षिणेत काही ठिकाणी या वस्तूला 'सेन्याल' म्हणत. तोच शब्द. कवीने प्रियेचे नाव झाकण्यासाठी वापरलेली खूण आता आईची भाषा बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात होती.

हे प्रथम वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. कारण काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत सेमी-इंग्रजीचा वर्ग निघाला, तेव्हा इंग्रजीच्या तासाला मराठी किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात पुठ्ठ्याचे कार्ड अडकवायचे आणि त्याने ते पुढच्या अपराध्याकडे द्यायचे, असा नियम झाला होता. सूचना एका उत्साही सहकाऱ्याची, पण सही माझी. पालकांना तो पसंत होता. कार्ड बहुतेक वेळा दोघांतिघांच्याच गळ्यात दिसायचे, ज्यांच्या घरी इंग्रजीचा वाराही नव्हता तीच ती मुले. एक मुलगी पुढे त्या तासाला काही बोलेनाशीच झाली. तिला इंग्रजी येऊ लागले असे आम्हाला वाटले. नियम मी नंतर बंद केला. त्यावर दोन पालकांनी, शिस्त ढिली पडली म्हणून, पाल्यांचे दाखले काढून नेले. शाळेचा पट टिकवणे हा मुख्याध्यापकाचा रोजचा घोर असतो, तेव्हा ते दोन दाखले मी हसत लिहिले असे म्हणणार नाही.

दक्षिण फ्रान्समध्ये विरुद्ध टोकही निघाले. रूमानीय नावाचा एक शिक्षक होता, माळ्याचा मुलगा. त्याने फ्रेंचमध्ये केलेल्या कविता त्याच्या आईला कळेनात, म्हणून तो प्रोव्हान्सच्या बोलीत लिहू लागला, अशी आठवण सांगतात. त्याचा शाळेतला विद्यार्थी फ्रेदेरिक मिस्त्राल, शेतकऱ्याचा मुलगा. या दोघांनी पाच मित्रांसह 21 मे 1854 रोजी 'फेलिब्रीज' ही संस्था काढली. 1859 मध्ये मिस्त्रालचे 'मिरेयो' हे बारा सर्गांचे काव्य आले: श्रीमंत शेतकऱ्याची मुलगी, बुरुडाचा मुलगा, बापाचा नकार, उन्हात मृत्यू. लामार्तीनने पॅरिसमध्ये त्याचा जयजयकार केला. पाच वर्षांत गूनोने त्यावर संगीतिका रचली, अर्थात फ्रेंच शब्दांत. मिस्त्रालने आपल्या भाषेचा प्रचंड कोश एकट्याने केला. 1904 चे साहित्याचे नोबेल त्याला स्पॅनिश नाटककार एचेगाराय याच्याबरोबर विभागून मिळाले, आणि तो पैसा त्याने आर्लच्या लोकजीवन संग्रहालयात घातला.

एवढे होऊनही शाळा बदलली नाही. नोबेल मिळालेल्या भाषेत बोलल्याबद्दल मिस्त्रालच्याच जिल्ह्यातली मुले शिक्षा भोगत होती. प्रादेशिक भाषा ऐच्छिक म्हणून शिकवायला परवानगी मिळाली ती 1951 च्या कायद्याने. तोवर एक अख्खी पिढी अशी झाली होती, जी आपापसात ऑक्सितान बोलायची पण मुलांशी बोलायची नाही. मुलांचे नुकसान होईल म्हणून. आपल्या घरांत हे वाक्य कुणी ऐकले नसेल असे मला वाटत नाही.

संगीतात ती भाषा अधूनमधून डोके वर काढते. कांतलूब याने ओव्हेर्न्य डोंगराळ मुलखातल्या धनगरांची गाणी वाद्यवृंदासाठी बांधली, ती जगभर मूळ शब्दांत म्हटली जातात. जोफ्रे रुदेल या त्रुबादूराने, न पाहिलेल्या त्रिपोलीच्या राजकन्येवर प्रेम केले अशी दंतकथा आहे. तिच्यावर सारिआहो या फिनलंडच्या संगीतकार स्त्रीने रचलेली संगीतिका 2000 साली साल्झबुर्गला झाली. तिची संहिता लिहिली लेबनानमध्ये जन्मलेल्या अमीन मालूफ यांनी. गिलेमच्या बापाच्या वेढ्यापासूनचा अरबी धागा असा पुन्हा गाठीला आला.

राजकारणात मात्र गाडी पुढे-मागे होते. 1992 मध्ये 'प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच' हे वाक्य फ्रान्सच्या घटनेत शिरले. 2008 मध्ये प्रादेशिक भाषा हा देशाचा वारसा आहे, हेही वाक्य शिरले. 2021 मध्ये या भाषांच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण सरकारी शिक्षणात सगळेच विषय प्रादेशिक भाषेतून शिकवण्याची त्यातली तरतूद घटना परिषदेने रद्द केली. गंमत अशी की पिरेनीज पर्वतात, स्पेनच्या हद्दीतल्या आरान नावाच्या लहानशा खोऱ्यात हीच भाषा राजभाषा आहे, आणि 2006 पासून सबंध कॅटलोनियात तिला तो दर्जा आहे. सीमेच्या एका बाजूला वारसा, दुसऱ्या बाजूला राजभाषा.

1979 मध्ये पो शहरात काही पालकांनी एकत्र येऊन ऑक्सितान माध्यमाची एक बालशाळा काढली. तशा शाळा आज दक्षिणेत बऱ्याच आहेत. तिथे फ्रेंचही शिकवतात, उत्तम शिकवतात. या शाळांना 'कालान्द्रेता' म्हणतात. या शब्दाचा अर्थ लहान चंडोल. नवशिक्या विद्यार्थ्यालाही तोच शब्द आहे. बेर्नार्त द व्हेन्तादोर्नचे सर्वांत प्रसिद्ध गाणे चंडोलावरचेच आहे. त्याचे शब्द आणि चाल दोन्ही उरली आहेत, ताल तेवढा नाही. त्या शाळांतली पोरे ते कोणत्या ठेक्यात म्हणत असतील, हे आमच्या संगीत शिक्षकांना विचारायचे आहे.